लो ट्यूनिंगला गिटार सारखी सारखी खडखडते, काहून? (आणि ठीक केल्यावर पुन्हा काहून खडखडते)

गिटार ड्रॉप सी ला लावली (म्हणजे जाडी तार ई वरून सी वर, बाकीच्या पाच एकेक स्वर खाली) की जाडी तार खर्र खर्र करते, ब्रिजवरून (तारा खालच्या टोकाला जिथं टेकतात तो भाग) उचलली की थोडे दिवस बरी वाजते आणि मंग पुन्हा तेच. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर इकडचे पोट्टे मला हेच विचारून राह्यले, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. मी वणीकडचा, इथून नागपूरची सीताबर्डी शंभराच्या वर किलोमीटर, जरा खडखडली म्हणून कोण जाते नागपूरले गिटार घेऊन. तर जे सांगतो ते घरच्या घरी आणि गावातल्या गॅरेजवाल्याच्या, वेल्डिंगवाल्याच्या भरोशावर जमते असंच सांगतो.

पहिले हे डोक्यात घ्या की खडखड ऐकू येते ब्रिजकडच्या हाताला, पण तिचं मूळ बहुतेक वेळा तिकडं नसतेच. मूळ असते तारेच्या ताणात आणि नेकमध्ये, म्हणजे गिटारीच्या मानेत. आणि आपण काय करतो, ॲलन की (षटकोनी पाना) घेतली की सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तार टेकायचा तुकडा, सरळ वर. सॅडल उचलल्यानं आवाज दबते हे खरं, पण नेक आपल्या जागी वाकलेला तसाच राह्यते, ऋतू बदलला की अजून वाकते, मंग अजून उचला, आणि शेवटी तार फ्रेटपासून (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) इतकी वर जाते की बारा नंबरच्या फ्रेटवर दाबायला बोटं दुखतात आणि तरी पहिल्या फ्रेटवर खडखड चालूच.

आता ताणाचा हिशोब. तारेचा ताण सुराच्या कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणं बदलते. स्टँडर्डची जाडी ई म्हणजे ८२.४ हर्ट्झ, ड्रॉप सी ची सी ६५.४ हर्ट्झ. भागाकार केला तर ०.७९, त्याचा वर्ग ०.६३. म्हणजे सूर जेमतेम चार अर्धस्वर खाली गेला पण ताण ३७ टक्के उडाला. दहा-सेहेचाळीसचा सेट (बारीक तार ०.०१० इंच जाड, जाडी ०.०४६ इंच, पुढचेही आकडे असेच), साडेपंचवीस इंच स्केलची (तारेच्या वाजणाऱ्या लांबीची) गिटार, तर स्टँडर्डला ४६ ची तार आठ किलोच्या आसपास ओढते, सी ला आणली की पाच किलो. सहाही तारा मिळून स्टँडर्डला ४७ किलोच्या आसपास ओढ असते, ड्रॉप सी ला ती ३६ वर येते. कारखान्यातून गिटार येते ती त्या ४७ किलोच्या ओढीला तोलून, नेकच्या आतली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, मागं ओढते, तारा पुढं ओढतात. तुम्ही तारांकडून दहा-अकरा किलो काढून घेतले तर रॉड जिंकते, नेक मागं झुकते, आणि तार पहिल्या चार-पाच फ्रेटवर घासायला लागते. वरून ढिली तार छेडल्यावर झुलतेही जास्त, ढिल्या बाजेवर बसल्यासारखं, म्हणून तिला जागाही जास्त लागते. जागा कमी झाली आणि गरज वाढली, दोन्ही एकाच वेळी.

गिटार लेस पॉल टाइपची असेल, म्हणजे पावणेपंचवीस इंच स्केल, तर त्याच तारेला त्याच सुराला अजून सहा टक्के ताण कमी. सत्तावीस इंचाच्या बॅरिटोनला बारा टक्के जास्त. म्हणून मित्राची गिटार त्याच सेटवर मस्त वाजते आणि तुमची नाही, तर तुमचा हात खराब आहे असं लगेच समजू नका, दोघांची स्केल मोजा. नटपासून (वरच्या टोकाची खाचांची पट्टी, जिथून तारा जातात) बाराव्या फ्रेटपर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं, बस.

म्हणून पहिला उपाय पाना नाही, तारा. ड्रॉप सी साठी खालची तार ५२ ते ५६ पाह्यजे. ५६ ची सी ला साडेसात किलोच्या आसपास ओढते, म्हणजे स्टँडर्डच्या ४६ च्या जवळपास, हाताला ओळखीची वाटते. डॅडारियोचा अकरा-छप्पनचा सेट मिळते, अर्नी बॉलचा अकरा-चोपन्न आणि बारा-छप्पनही मिळते, ऑनलाइन मागवा, तालुक्याच्या दुकानात बहुतेक दहाचा नाहीतर नऊचाच पडलेला असते. ड्रॉप बी ला ६० च्या आसपास जा, तिथं ताण पुन्हा साडेसातच्या वर येते. आणि अकरा-छप्पन लावून ड्रॉप सी ला आणली की सहाही तारांची मिळून ओढ जवळपास स्टँडर्डएवढी होते, थोडी वरच, म्हणजे बऱ्याच वेळा ट्रस रॉडला हात लावायचीसुद्धा गरज पडत नाही. माझं मत, नुसतं ड्रॉप डी (फक्त जाडी तार एक स्वर खाली) वाजवायचं असेल तर बाकी काही बदलू नका, दहा-बावन्नचा सेट लावा आणि वाजवा, तेवढ्यासाठी नट कानशीनं घासायची झंझट कोणी सांगितली.

कोणी म्हणेल की मोठमोठे लोक तर बारीक तारांवर खाली वाजवतात. वाजवतात ना. ब्लॅक सबाथ बँडच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली गेली होती, तो डावखुरा, म्हणजे फ्रेटवर चालणारा हातच तो, मंग त्यानं बारीक तारा लावल्या आणि १९७१ पर्यंत दीड स्वर खाली, सी शार्पला आला. त्याला ढिली तारच पाह्यजे होती. ढिली तार म्हणजे पाप नाही, पण मंग हात हलका पाह्यजे. पिक असा मारायचा जशी तार तोडायची आहे आणि तक्रार करायची खडखडीची, हे दोन्ही जमत नाही राजेहो.

तारा बदलायच्या आधी एक पाहा, जुन्या तारांवर गंज आणि मळ किती आहे. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये तार बोटाला खरखरीत लागायला लागते, घाम आणि ओल दोन्ही. गंजलेल्या तारेचं वजन सगळीकडं सारखं राहत नाही, तिच्यावर इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं) कितीही लावा, लागतच नाही. अशा तारेवर सेटअप करणं म्हणजे फोकटची मेहनत.

आता नव्या तारा लावल्या, ज्या ट्यूनिंगला वाजवता त्याच ट्यूनिंगला आणली, ओढून ओढून ताणून घेतली, एक रात्र तशीच राहू दिली. तरी खडखडते. तर आता कुठं खडखडते ते शोधा, तेच खरं निदान आहे. एकेक तार, एकेक फ्रेट दाबून, रोजच्या ताकदीनं वाजवून पाहा. फक्त मोकळी तार खडखडते आणि पहिला फ्रेट दाबला की साफ, तर नटची खाच खोल झालेली आहे. पहिल्या पाचेक फ्रेटपर्यंत खडखड आणि वर साफ, तर नेक मागं झुकला आहे किंवा एकदम सरळ आहे. खाली साफ आणि बाराच्या वर खडखड, तर ॲक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची) कमी आहे, नाहीतर नेकचा बाक जास्त झाला आहे. एकाच फ्रेटवर एकच जागा खडखडते, तर त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला आहे, स्टीलच्या पट्टीची छोटी धार तीन फ्रेटवर आडवी ठेवून पाहा, डगडगली की समजा मधला उंच. आणि सगळीकडं सारखी खडखड तर तार बारीक आहे नाहीतर ॲक्शन खूपच खाली आहे. अजून एक, ॲम्पमधून ऐका. हातात खडखडते पण ॲम्पमध्ये येत नाही तर सोडून द्या. लो ट्यूनिंगला थोडा फ्रेटचा आवाज येतेच, तो पूर्ण घालवायच्या नादात गिटार वाजवायच्या लायकीची राहत नाही.

नेकचा बाक मोजायला गॅरेजवाल्याकडं जा. तो बाइकचे टॅपेट सेट करायला जे फिलर गेज वापरते तेच आपल्याला पाह्यजे, वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही, दहा मिनटं मागून आणा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नसेल तर पेन्सिल आणि रबर बांधा, जाडी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या डोक्यावर तारेखाली किती फट आहे ते पाहा. पाव मिलिमीटरची पत्ती जेमतेम सरकली पाह्यजे. लो ट्यूनिंगला मी ०.२५ ते ०.३५ मध्ये ठेवतो. फटच नाही, तार फ्रेटला टेकूनच आहे, तर रॉड ढिला करायचा, म्हणजे घड्याळाच्या उलट. फट अर्ध्या मिलिमीटरच्या पुढं, तर रॉड कसायचा, घड्याळाच्या दिशेनं. दिशा पाना जिथं घुसते त्या बाजूनं पाहून धरायची, नाहीतर उलटं होते. एका वेळी पाव फेरा, त्याच्यावर नाही, मंग पुन्हा ट्यून करा, पुन्हा मोजा. लाकूड आहे ते, लगेच ऐकत नाही, रात्रभर थांबून सकाळी पुन्हा मोजा. फिरतच नसेल तर जोर लावू नका, तिथंच थांबा.

आणि पाना कोणता हे फार महत्त्वाचं. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात ॲलन कीचा सेट मिलिमीटरचा मिळते. फेंडरच्या बऱ्याच गिटारींना १/८ इंच लागते, म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. तिथं तीनची की घुसते, बसल्यासारखी वाटते, आणि जोर आला की सटकन घसरून आतले कोपरे गोल करून टाकते. मंग तो रॉड कोणाच्याच कामाचा नाही. आयबनेझच्या बऱ्याच गिटारींना ७ मिलिमीटरचा बॉक्स पाना लागते. आपल्या मॉडेलचं माप पहिले पाहा, मंगच हात घाला.

नट. आता इथं लोक सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात आणि इथंच अर्ध्या तक्रारी असतात. ४६ साठी कापलेल्या खाचेत ५६ ची तार बसत नाही, वरच अडकून राह्यते. वाटते बसली. ट्यून करताना की फिरवली तर सूर हलत नाही, हलत नाही, आणि मंग टिंग असा आवाज येऊन एकदम पुढं उडी मारते. वाजवता वाजवता बेंड केला की परत येत नाही, गिटार सुरात राहत नाही आणि दोष ट्यूनिंग कीला जाते. नव्या की मागवून बसवणारे पाह्यले मी, आणि तार अडकलेली नटमध्ये.

नटच्या कानशी महाग असतात आणि आयुष्यात चारदाच लागतात. वेल्डिंगवाल्याकडं गॅसच्या नोझल साफ करायच्या सुयांचा सेट असते, लहान लहान गोल कानशीच त्या, वेगवेगळ्या जाडीच्या. ५६ ची तार म्हणजे १.४२ मिलिमीटर, तर दीड मिलिमीटरच्या आसपासची सुई घ्या. व्हर्नियर असेल तर मोजूनच घ्या, नाहीतर तारेच्या बाजूला ठेवून नजरेनं. फक्त रुंदी वाढवायची, खोली नाही, हे शंभर वेळा मनात म्हणा. खाच ट्यूनिंग कीच्या बाजूला थोडी उतरती पाह्यजे, आणि तार टेकली पाह्यजे ती फ्रेटबोर्डाकडच्या काठावर. ती मागच्या काठावर किंवा मधेच टेकली तर तार नटच्या कडेला थरथरते आणि सतारीसारखा झणझण आवाज येते. तंबोऱ्याला आपण जवारी मुद्दाम काढतो, दोरा घालून, इथं ती नको आहे. मोकळी तार झणझणते, पण कुठलाही फ्रेट दाबला की गायब, आणि खाच खोलही दिसत नाही, तर हेच समजायचं.

खोली तपासायची सोपी पद्धत, तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर टकटक करून पाहा, केसाएवढी फट हलताना दिसली पाह्यजे. काहीच हलत नाही तर खाच खोल आहे. चुकून खोल झाली तर नटखाली कागदाची, पत्र्याची पातळ पट्टी घालून चालवून घेता येते, किंवा सरळ नवा नट, दोन-चारशेची गोष्ट आहे. घासून झालं की खाचेत शिसपेन्सिलीची टोकदार बाजू चांगली फिरवा, तार सरकायला लागते. हे फुकटचं काम आहे आणि दर वेळी तार बदलताना करावं.

ट्रेमोलोवाल्यांसाठी, म्हणजे बारनं ब्रिज हलवता येते अशा गिटारीवाल्यांसाठी. स्ट्रॅट असो की फ्लॉइड रोझ, मागच्या स्प्रिंगा आणि पुढच्या तारा एकमेकांशी तोललेल्या असतात. ताण कमी केला की स्प्रिंगा जिंकतात, ब्रिज मागं बसते, तारा फ्रेटवर आडव्या पडतात. आणि मजा अशी की एक तार खाली आणली की बाकीच्या वर चढतात, ती लावली की ही उतरते, पोट्टा संध्याकाळभर ट्यूनच करून राह्यलेला असते. मागचं झाकण काढा, स्प्रिंगा जिथं अडकवल्या त्या पंजाचे दोन स्क्रू आहेत, ब्रिज मागं गेला असेल तर थोडे ढिले करा, पुढं झुकला असेल तर कसा किंवा एक स्प्रिंग वाढवा. जाड सेट लावला तर बहुतेक वेळा कसावंच लागते. बार वापरतच नसाल तर सरळ ब्लॉक करून टाका. ब्रिजच्या लोखंडी ठोकळ्यात आणि लाकडाच्या भिंतीत बसेल असा सागवानाचा तुकडा सुताराकडून घासून घ्या. आपल्याकडं काय, आलापल्लीचा साग जगात नावाजलेला, तळहाताएवढा तुकडा कोणीही सुतार असाच देईल. बसवल्यावर ड्रॉप सी वरून ड्रॉप डी ला दोन मिनटात जाता येते, तरंगत्या ब्रिजवर ते विसरा.

ॲक्शनचं थोडक्यात. नेक आणि नट झाल्यावरच हात लावायचा. बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या डोक्यापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंत जाडी तार २ मिलिमीटर, बारीक तार दीडच्या वर थोडीशी. जोरात मारणारा असाल तर जाडी सव्वादोनपर्यंत न्या. पिकअपही पाहा, ढिल्या तारेला झुलायला जागा लागते आणि पिकअपचं चुंबक तारेला ओढते, विशेषतः सिंगल कॉइलचं. जाड्या तारेकडची बाजू स्क्रूनं खाली करा, शेवटचा फ्रेट दाबून अडीच-तीन मिलिमीटर अंतर चालते. वर वाजवताना सूर लाटेसारखा हलत असेल, एका सुरात दोन सूर ऐकू येत असतील, तर चुंबकच आहे ते.

इंटोनेशन सगळ्यात शेवटी. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर, दोन्ही ट्यूनरवर पाहा. दाबलेला वर जात असेल तर सॅडल मागं, म्हणजे नटपासून लांब. खाली येत असेल तर पुढं. दर वेळी सरकवून पुन्हा ट्यून करा. जाड आणि ढिल्या तारेला सॅडल जास्तच मागं न्यावं लागते, कारण दाबल्यानं जो ताण वाढते तो तिच्या मूळ ताणाच्या मानानं मोठा असते. मागं जागाच संपली तर स्ट्रॅटवाल्यांनी त्या सॅडलची स्प्रिंग काढून अर्धी कापून लावा, ट्यून-ओ-मॅटिकवाल्यांनी (लेस पॉल टाइपचा ब्रिज) सॅडल उलटं फिरवून बसवा, तेवढ्यानं एकदोन मिलिमीटर मिळून जाते. तरी नाही जमलं तर मी सगळ्यात जाड्या तारेचं इंटोनेशन बाराव्या फ्रेटवर लावतच नाही, पाचव्या-सातव्यावर लावतो. त्या तारेवर बाराच्या वर कोण वाजवते? रिफ सगळा खालीच असते.

ट्यूनरवर काटा नाचत असेल तर ट्यूनर खराब नाही. ढिली तार छेडल्याबरोबर सूर वर उडते आणि मंग खाली येऊन बसते. नुसतं अलगद छेडून ट्यून केलं आणि वाजवताना दणकावलं तर सगळं वर वाजते. जशी वाजवता तशीच छेडून, सुरुवातीचा सूर धरून ट्यून करा. मोबाइलच्या माइकवर सी सापडत नसेल तर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक वाजवा, तो १३० च्या आसपास येते, मोबाइल लगेच पकडते. केबल लावून ट्यून करत असाल तर नेक पिकअप आणि टोन पूर्ण खाली.

इतकं सगळं करूनही पुन्हा पुन्हा येते त्याचं कारण आपली हवा. हे बाहेरच्या व्हिडिओत कोणी सांगत नाही कारण त्यांच्याकडं कूलर नाही. मे महिन्यात चंद्रपूर-वणीकडं पारा ४५ च्या वर जाते आणि हवा पार कोरडी, पापड वाळतात तशी. खोलीत मात्र डेझर्ट कूलर, वाळ्याच्या नाहीतर गवताच्या ताट्या लावलेला, तो ओली हवा फेकते. दिवसा कूलर चालू, गिटार भिंतीला टांगलेली नेमकी त्याच्या झोतात, लाकूड ओल पितं. लाइन गेली की कूलर बंद, दोन तासात पुन्हा कोरडं. रोजचं हे भिजणं-वाळणं. मंग जूनच्या मध्यात पाऊस, पुढं चार महिने ओल, आणि दिवाळीनंतर पुन्हा कोरडं थंड. लाकूड आडव्या दिशेनं फुगते, आकसते, फ्रेटबोर्ड एका लाकडाचा, नेक दुसऱ्या, दोघं सारखे हलत नाहीत, म्हणून बाक बदलते. कोणता नेक कोणत्या बाजूनं जाईल हे गिटारीगणिक वेगळं, त्याच्यावर वाद घालू नका, मोजा. उन्हाळ्यात नेकच्या कडेला फ्रेटची टोकं हाताला टोचायला लागली तर समजा लाकूड आकसलं आहे, धातू आकसला नाही. ती कानशीनं घासायची घाई नको, पावसाळ्यात बरीचशी आत जातात.

स्टँडर्ड ट्यूनिंगला हाच बाक बदलते पण तिथं तार कडक असते, थोडं इकडं तिकडं सहन होते. लो ला ती सूटच नाही. म्हणून मित्राला काही होत नाही आणि तुम्हाला दर मोसमात होते. उपाय असा, गिटार कूलरच्या झोतातून काढा, बाहेरच्या भिंतीवरून काढा, टिनाच्या शेडखाली तर नकोच नको. वाजवून झाली की बॅगेत, बॅग दिवाणात नाहीतर कपाटात. ओल मोजायचं छोटं डिजिटल घड्याळ ऑनलाइन मिळते, ते बॅगेत टाका, ४५ ते ५५ टक्के असेल तर लाकूड सुखात. आपल्याकडं वर्षभर तेवढं राहणं शक्य नाही, पण एकाच दिवसात २० वरून ७० वर उड्या मारू नये एवढं तर करता येते. आणि वर्षातून दोनदा फिलर गेज मागून आणा, एकदा मृगाचा पाऊस बसल्यावर पंधरा दिवसानं, एकदा दिवाळी झाल्यावर. आकडा कागदावर लिहून बॅगेत ठेवा, तारीख टाकून. दुसऱ्या वर्षी तुम्हाला आधीच कळेल की तुमचा नेक जुलैत कुठं जाते, मंग पाव फेऱ्यात काम होते.

एक गोष्ट गिटारची नाही पण गिटारवर ढकलली जाते, ती म्हणजे गुणगुण. गावातल्या बऱ्याच घरात अर्थिंग नावालाच असते. आपली लाइन ५० हर्ट्झची, ड्रॉप ए ची तार ५५ हर्ट्झ, म्हणजे गुणगुण आणि तार एकमेकाच्या अंगावरच बसतात, ट्यूनरही गोंधळते आणि वाटते तारच घोळ करून राह्यली. तारांना हात लावला की गुणगुण कमी होते इथवर ठीक. पण तारांना हात लावला की झिणझिण्या येत असतील, ॲम्पच्या पत्र्याला करंट लागत असेल, तर त्याच क्षणी प्लग काढा, वायरमन बोलावा, खड्ड्यात कोळसा-मीठ टाकून नीट अर्थिंग करून घ्या. तोवर वाजवू नका, हे मस्करीत सांगत नाही.

आवाज गढूळ येते हाही सेटअपचा दोष नसते बऱ्याचदा. छोट्या प्रॅक्टिस ॲम्पचं तर सोडाच, सेलेशनच्या व्हिंटेज ३० सारख्या नावाजलेल्या बारा इंची स्पीकरची रेंजसुद्धा ७० हर्ट्झपासून सुरू होते, आणि आपली सी ६५ ची. मूळ सूर स्पीकरमधून नीट येतच नाही, कान तो त्याच सुराच्या वरच्या हार्मोनिक्सवरून (उपसुरांवरून) बनवते. म्हणून बेस वाढवला की सी दमदार होत नाही, नुसता चिखल होते. बेस कमी करा, गेन तुम्हाला वाटते त्याच्यापेक्षा कमी करा, मिड वाढवा. ट्यूब स्क्रीमर टाइपचा पेडल असेल तर ड्राइव्ह शून्याजवळ, लेव्हल भरपूर, ॲम्पच्या आधी लावा, तो खालचा भाग कापूनच पुढं पाठवते, रिफ एकदम साफ होते.

काही कामं घरी करू नका. फ्रेट घासणं, पिळलेला नेक, रॉड पूर्ण कसूनही न हलणारा नेक, हे नागपूरच्या नाहीतर पुण्या-मुंबईच्या कारागिराचं काम आहे. नेताना तारा उतरवून किंवा स्टँडर्डला लावून नेऊ नका. ज्या गेजवर, ज्या ट्यूनिंगला वाजवता तशीच लावून न्या, चिठ्ठीवर ट्यूनिंग लिहून बॅगेत टाका, आणि त्याच गेजचा एक नवा सेट सोबत न्या, कारण फ्रेटचं काम करायचं तर जुन्या तारा काढाव्याच लागतात आणि त्याच्याकडं ५६ ची पडलेली असेलच असं नाही.